गाडी उलाळ नको: बोटीचा ट्रेलर समपातळीत आणताना

वाळवा तालुक्यात ऊसतोडीच्या दिवसांत मोळ्या भरून झाल्या की आजोबा बैल जुंपण्याआधी एकदा जू हाताने उचलून बघायचे. जू हलकं लागलं तर गाडी उलाळ आहे म्हणायचे आणि मागच्या चार मोळ्या पुढे घ्यायला लावायचे. फारच जड लागलं तर गाडी धुरजड झाली, म्हणजे सगळा भार बैलांच्या मानेवर. त्यांना हवं असायचं मधलं माप. जू थोडं जड लागावं आणि गाडी बैलांच्या मागे मुकाट चालावी.

मिशिगनमध्ये पहिली बोट घेतली तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं, पण ट्रेलर हीसुद्धा एक दोन चाकांची गाडीच आहे हे लक्षात आलं नाही. १९ फुटांची जुनी बोट, एका आखाचा ट्रेलर आणि ओढायला घरचीच एसयूव्ही. हिचबरोबर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर ओढायला बसवतात त्या जोडणीबरोबर, जो सरळ बॉल माउंट (ट्रेलर अडकवायचा गोळा बसवलेला दांडा) मिळाला तोच लावला. शनिवारी सकाळी लेक सेंट क्लेअरकडे निघालो. बर्फाने भरलेला कूलर, नांगर, दोर, मुलांच्या ट्यूब्ज असं सगळं सामान बोटीच्या मागच्या भागात कोंबलं होतं, आणि बोटीच्या तळाशी आधीच्या फेरीचं पाणी तसंच होतं. आय-९४ वर ताशी ६५ मैलांवर शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि आरशात बोट डावीकडे झुकलेली दिसली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. मागे मुलं बसलेली. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं, वेग ४५ पर्यंत उतरला तेव्हा ट्रेलर शांत झाला. रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर थांबून मागे जाऊन पाहिलं, तर ट्रेलरचं नाक उंच आणि शेपूट जमिनीकडे. गाडी उलाळ होती.

मिशिगनमध्ये ११,००० हून जास्त तळी आहेत. इथे स्थिरावलेली मराठी कुटुंबं आता हौसेने बोटी घेऊ लागली आहेत, आणि बहुतेकांची पहिली बोट वापरलेली असते. तिच्याबरोबर कुठलाही बॉल माउंट येतो, तो आपल्या गाडीच्या उंचीचा असेलच असं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. टेप, स्पिरिट लेव्हल आणि मोकळा अर्धा दिवस एवढं पुरतं.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण यात नवखे लोक हमखास गोंधळतात. ट्रेलर सपाट असणं आणि नाकावर पुरेसा भार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपलर, म्हणजे बॉलवर बसणारं ट्रेलरच्या नाकाचं टोक, अडीच इंच वर गेला तर आखापासून कपलरपर्यंत १३ फुटांच्या अंतरात जेमतेम एक अंशाचा कल येतो, आणि तेवढ्या कलाने नाकावरचा भार फार तर ८-१० पौंडांनी बदलतो. माझा ट्रेलर डोलला तो मुख्यतः मागे भरलेल्या सामानामुळे. पण कलाने त्यात भर घातली, कारण तळातलं पाणी सगळं मागे जमलं. एका गॅलन पाण्याचं वजन ८.३ पौंड असतं. २० गॅलन पाणी बोटीच्या शेवटच्या टोकाला गेलं की दीडशे पौंडांहून जास्त वजन आखाच्या मागे लोंबतं.

मग सपाटपणासाठी एवढी धडपड कशाला? दोन आखांचा ट्रेलर असेल तर उत्तर सरळ आहे. नाक वर गेलं की मागच्या आखावर जास्त भार, नाक खाली गेलं की पुढच्यावर. पाट्याच्या स्प्रिंगांचा ट्रेलर असेल तर दोन्ही आखांमधला इक्वलायझर थोडाफार भार वाटून घेतो. टॉर्शन आखांमध्ये (यांत स्प्रिंगांऐवजी आखाच्या आत रबर असतं) तशी सोय नसते. तिथे एकाच जोडीचे टायर तापतात आणि फुटतातही. दुसरं कारण ब्रेकचं. बोटीचे ट्रेलर पाण्यात उतरतात, म्हणून त्यांना बहुतेक वेळा विजेचे ब्रेक न लावता सर्ज ब्रेक लावतात. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे ढकलतो, त्या धक्क्याने कपलरमागची सरकती नळी आत जाते, आतला सिलिंडर दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. ती नळी तिरकी असेल तर नीट सरकत नाही, अडकत अडकत जाते. याशिवाय मागचं टोक रस्त्याला घासणं, इंजिनाची खालची फिन उंचवट्यावर आपटणं हे आहेच.

मोजमापाला सुरुवात करण्याआधी गाडी आणि ट्रेलर दोन्ही सहलीला निघताना असतात तसेच भरा. पेट्रोलची टाकी भरलेली, बॅटरी जागेवर, नांगर, जॅकेटं, कूलर सगळं आत. पेट्रोलचं वजन गॅलनला सुमारे ६ पौंड. ३० गॅलनच्या टाकीत १८० पौंड होतात आणि टाकी बहुधा बोटीच्या मध्यापासून मागेच असते. रिकाम्या बोटीवर घेतलेलं माप वाया जातं.

टायरची हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. ओढणाऱ्या गाडीसाठी दाराच्या चौकटीवरचा आकडा पाहा. ट्रेलरच्या टायरवर एसटी अशी अक्षरं असतात, आणि उत्पादकाने दुसरं काही सांगितलं नसेल तर त्यांच्या कडेवर छापलेला थंड टायरचा कमाल दाब भरतात. माझ्या टायरवर ५० पीएसआय होतं आणि आत होती ३१. एवढ्या फरकाने मापच चुकतं.

जागा सपाट हवी, आणि घराचा ड्राइव्हवे सपाट नसतो. पावसाचं पाणी रस्त्याकडे जावं म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. रविवारी संध्याकाळी एखाद्या ऑफिसचं रिकामं पार्किंग शोधा, जमिनीवर लांब लाकडी पट्टी ठेवून तिच्यावर लेव्हल ठेवा आणि खात्री करून घ्या. मला तिसऱ्या पार्किंगमध्ये हवी तशी जागा मिळाली.

आता ट्रेलर गाडीपासून सोडवा. त्याआधी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. हे विसरू नका, सोडवलेला ट्रेलर थोड्याशा उतारावरही चालू लागतो. पुढचा जॅक फिरवत ट्रेलर सपाट करा. लेव्हल ठेवायची ती चौकटीच्या लांब, सरळ भागावर. बोटीच्या कडेवर ठेवू नका, तिला मुळातच वळण असतं. ट्रेलरच्या नाकाच्या दांड्यावरही नको, काही ट्रेलरमध्ये तो वर वाकवलेला असतो. छोट्या लेव्हलवर भरवसा नसेल तर चौकटीची जमिनीपासूनची उंची पुढे आणि मागे टेपने मोजा. दोन्ही आकडे जुळले की झालं.

या अवस्थेत जमिनीपासून कपलरच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. माझं माप साडेसोळा इंच आलं.

मग गाडीकडे या. बंपरखाली जी चौकोनी नळी दिसते ती रिसीव्हर. जमिनीपासून तिच्या तोंडातल्या आतल्या वरच्या कडेपर्यंत मोजा. बाहेरची कड धरली तर नळीच्या जाडीएवढा फरक पडतो. माझं माप सव्वावीस इंच होतं. गाडीला आपोआप उंची सांभाळणारं सस्पेन्शन असेल तर इंजिन सुरू ठेवून, नेहमीच्या उंचीवर मोजायचं की कसं, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

वजाबाकी करा. सव्वावीसातून साडेसोळा गेले, उरले पावणेचार. रिसीव्हर कपलरपेक्षा उंच आहे, म्हणजे बॉल खाली उतरवायला हवा, आणि तेवढ्या ड्रॉपचा माउंट लागेल. कपलर जास्त उंच निघाला असता तर राइझ असलेला माउंट लागला असता. दुकानात माउंटवर लिहिलेला ड्रॉप म्हणजे दांड्याच्या वरच्या पृष्ठभागापासून बॉल बसतो त्या बैठकीपर्यंतचं अंतर. बॉलच्या माथ्याशी त्याचा संबंध नाही. या गोंधळात बरेच जण चुकीचा माउंट घरी आणतात.

पण पावणेचारचा आकडा घेऊन लगेच दुकानात धावू नका. कपलर बॉलवर बसला की गाडी मागून बसते. मी सगळं कुटुंब आत बसवून, ट्रेलर जोडून पुन्हा मोजलं तर रिसीव्हर १९ इंचांवर आला होता. सव्वा इंच गाडीच खाली गेली होती. म्हणजे खरी गरज अडीच इंचांची. मी ३ इंचांचा घेतला. ट्रेलरचं नाक अर्धा इंच खाली राहिलं आणि मला तेच हवं होतं. नेमकं सपाट जमत नसेल तर नाक किंचित खाली चालेल, वर अजिबात नको. दोन गाड्यांनी एकच बोट ओढणार असाल तर भोकं असलेला, उंची बदलता येणारा माउंट घ्या. जड असतो, महाग असतो, पण पुन्हा पुन्हा खरेदी टळते.

खरेदीत उंचीइतकंच महत्त्व ताकदीला. बॉलचा व्यास कपलरवरच कोरलेला असतो. बहुधा १ ७/८, २ किंवा २ ५/१६ इंच. २ इंचांच्या कपलरमध्ये १ ७/८ चा बॉल आत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात सुटतो. वाळू किंवा गंजाने अक्षरं बुजली असतील तर तारेच्या ब्रशने घासून वाचा, अंदाज करू नका. गाडी, रिसीव्हर, माउंट, बॉल, कपलर या प्रत्येकावर कमाल वजन लिहिलेलं असतं. या साखळीत ज्याचा आकडा सर्वांत लहान, तोच तुमचा आकडा. माउंट उलटा करून ड्रॉपचा राइझ करता येतो का, हे त्या माउंटच्या कागदावर पाहूनच ठरवा. आणि बॉलखाली वॉशरांची थप्पी रचून उंची वाढवण्याचा विचारसुद्धा करू नका.

आता आजोबांची परीक्षा, जू उचलून पाहायची. ट्रेलरच्या नाकाचा बॉलवर पडणारा भार, त्याला इथे टंग वेट म्हणतात. ढोबळमानाने बोट, सामान आणि ट्रेलर मिळून जेवढं वजन होईल त्याच्या १० टक्के धरतात. काही बोट-ट्रेलर उत्पादक याहून थोडं कमी सांगतात, कारण बोटीचं इंजिन मागे असतं. तुमच्या ट्रेलरच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच खरा. एकूण वजन कळायला हायवेवरच्या ट्रक-स्टॉपवरचा वजनकाटा उत्तम, पावती हातात मिळते. माझं ३,४०० पौंड निघालं, म्हणजे नाकावर ३४० च्या आसपास हवेत.

एवढा भार घरच्या वजनकाट्यावर थेट ठेवला तर काटा मोडेल. त्यासाठी ही युक्ती. चार फूट लांबीची जाड फळी घ्या. एका टोकाखाली लोखंडी नळीचा तुकडा आडवा ठेवा. तिथून बरोबर ३ फुटांवर फळीखाली दुसरी नळी, आणि ती वजनकाट्यावर. काट्याच्या उंचीएवढ्या विटा पहिल्या नळीखाली घाला म्हणजे फळी आडवी राहील. रिकाम्या फळीमुळे काट्यावर किती दिसतं ते लिहून ठेवा. आता कपलर एका छोट्या लाकडी खुंटावर टेकवा. खुंट पहिल्या नळीपासून १ फुटावर, म्हणजे काट्यापासून २ फुटांवर हवा. कपलरची उंची बॉलवर असताना असते तेवढीच ठेवा. जॅकचा पाय हळूहळू वर घ्या, भार फळीवर येऊ द्या. काट्यावरच्या आकड्यातून फळीचा आकडा वजा करा आणि तीनने गुणा. मोजेपर्यंत चाकांचे ठोकळे जागेवर हवेत आणि कपलरखाली कुणाचा पाय नको.

माझा काटा ७० दाखवत होता. म्हणजे २१०. हवे होते ३४०. त्या शनिवारी तळातलं पाणी धरलं तर याहूनही कमी असणार.

भार पुढे आणायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सामान हलवणं, आणि त्याचा हिशेब थक्क करणारा आहे. ८० पौंडांचा कूलर आखाच्या ६ फूट मागे होता तेव्हा तो नाकावरून ३७ पौंड उचलत होता. तोच आखाच्या ३ फूट पुढे ठेवला तर नाकावर १८ पौंड घालतो. एका कूलरने ५५ पौंडांचा फरक. नांगर आणि साखळी पुढच्या कप्प्यात गेली, दोर, ट्यूब्ज आणि जॅकेटंही पुढे गेली. एवढं करून मी २९० वर पोहोचलो.

उरलेलं विंच-स्टँडने भरून काढलं. बोटीचं नाक ज्या रबरी ठोकळ्याला टेकतं तो खांब ट्रेलरच्या दांड्यावर पुढे-मागे सरकवता येतो. २,५०० पौंडांची बोट १ इंच पुढे आली की नाकावर सुमारे १६ पौंड वाढतात. मी ३ इंच पुढे घेतली आणि ३४० गाठले. मात्र इथे जपून. बोटीची मागची सपाट भिंत, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं, ती ट्रेलरच्या गालिचा लावलेल्या लाकडी पट्ट्यांवर टेकलेली राहायला हवी. बोट सरकवल्यावर वाकून, टॉर्च लावून तो टेकू पाहा. पट्ट्यांच्या टोकाशी बोटीचा तळ बरोबर जुळत नसेल तर ट्रेलरचं दुकान गाठा, स्वतः काही करू नका.

भार वाढवताना गाडीकडे दुर्लक्ष नको. नाकावरचे ३४० पौंड हे गाडीत बसलेल्या माणसांच्या वजनातच धरायचे असतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती, असा आकडा असतो. पाच जण, मागच्या डिकीत आजी-आजोबांच्या खुर्च्या आणि जेवणाचे डबे, त्यात हे ३४०, बघता बघता मर्यादा येते. भारताहून आईबाबा आलेले असतील त्या उन्हाळ्यात हा हिशेब पुन्हा करा.

काही जण गाडी मागून बसली की हवेच्या पिशव्या लावून ती उचलतात. दिसायला गाडी सपाट होते, पण पुढच्या चाकांवरून उचललेला भार त्या परत देत नाहीत, आणि गाडीची क्षमताही वाढत नाही. तो भार पुढे ढकलायला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच असतो. पण सर्ज ब्रेकच्या सगळ्याच कपलरबरोबर तो चालत नाही. आधी कपलरच्या कागदपत्रांत परवानगी आहे का ते पाहा. गाडी किती बसली याची एक घरगुती खूण सांगतो. रात्री गॅरेजच्या दारासमोर ठरावीक अंतरावर गाडी उभी करून दिव्याच्या झोताची वरची कड रंगाऱ्याच्या टेपने खुणावून ठेवा. ट्रेलर जोडून त्याच अंतरावर पुन्हा पाहा. आमची कड चार बोटं वर गेली होती. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ते सगळं जातं. पुढचा भार किती हलका झाला हेही त्यावरून कळतं.

उंची बदलली की बाकीच्या जोडण्यांची लांबीही बदलते. दोन्ही सुरक्षा-साखळ्या कपलरखालून फुलीसारख्या न्या, म्हणजे कपलर निसटलाच तर जमिनीवर आपटण्याआधी त्यांच्या झोळीत पडेल. वळताना ताण येणार नाही इतक्या सैल, रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड. ट्रेलर गाडीपासून सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी बारीक तार साखळ्यांपेक्षा वेगळ्या जागी अडकवा. दिव्यांची वायर चार तारांची आहे की पाच ते बघा. सर्ज ब्रेक असलेल्या बऱ्याच ट्रेलरना पाचवी तार लागते. ती रिव्हर्सच्या दिव्याशी जोडलेली असते आणि मागे जाताना ब्रेक लागू देत नाही. ती नसेल तर चढणीला मागे घेताना ट्रेलर आडमुठ्या बैलासारखा पाय रोवून उभा राहतो.

कपलर नीट बसला का हे डोळ्यांनी कळत नाही. कडी लावा, पिन घाला आणि मग जॅकने नाक वर उचला. गाडीची मागची बाजू बरोबर वर येऊ लागली तर बॉल पकडीत आहे. कपलर एकटाच वर आला तर पुन्हा सुरुवात करा. खात्री झाली की जॅक पूर्ण वर घेऊन कुलूपबंद करा.

निघण्याआधी बोटीचा तळ रिकामा करा. २०१९ पासून मिशिगनमध्ये बोट रस्त्याने नेताना ड्रेन प्लग काढून पाणी सोडून देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. कारण साधं आहे. झीब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते १९८८ साली याच लेक सेंट क्लेअरमध्ये, आणि बोटींच्या तळातल्या पाण्यातून ते एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. तळं वाचतं आणि तुमचं नाकही जड राहतं. प्लग मात्र पाण्यात उतरण्याआधी परत लावायचा. मी तो गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातच अडकवतो.

पहिली फेरी लांबची ठेवू नका. आम्ही पुढच्या वेळी केन्सिंग्टन पार्कच्या केंट लेकला गेलो, हायवे टाळून. १० मैलांवर थांबून बॉलची नट, साखळ्या, पट्टे पुन्हा आवळून पाहा. चाकांच्या मध्यावर हाताची मागची बाजू जवळ न्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागलं तर पुढे जाऊ नका. मग ४५, मग ५५ मैलांपर्यंत वेग हळूहळू वाढवा आणि आरशात पाहा. ट्रेलर डोलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचे ब्रेक करकचून दाबू नका, आणि डोलणं थांबवायला वेग तर मुळीच वाढवू नका. थांबल्यावर सामान कुठे सरकलं ते बघा.

रॅम्पवर पोहोचल्यावर शेवटची एक गोष्ट तपासायची राहते. जिथे सपाट रस्ता संपून उतार सुरू होतो त्या कंगोऱ्यावर खाली उतरवलेला माउंट जमिनीला टेकू शकतो. पहिल्यांदा कुणालातरी बाजूला उभं करून हळू मागे घ्या, इंजिन वर उचललेलं असू द्या. कॅस लेकच्या रॅम्पवर माझ्या मुलीने हात वर करून थांबवलं तेव्हा माउंटखाली दोन बोटं जागा उरली होती.

हे सगळे आकडे आता आमच्या ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर आतून टेपवर लिहिलेले आहेत. रिसीव्हर रिकामा सव्वावीस, भरलेला १९, कपलर साडेसोळा, ड्रॉप ३, नाकावर ३४०. दर मे महिन्यात बोट बाहेर काढताना आणि टायर बदलल्यावर मी पुन्हा मोजतो, आणि कूलर आखाच्या पुढे ठेवतो.